वानगी घेतलीत, आता भाव बोला

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका संस्थेने मॅडमना फसवलं, आणि मॅडमच्या हातून आम्हाला. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी ‘काहीतरी गैरसमज झाला असेल’ असं म्हणायला नको. आम्ही रक्त दिलं, बरगडीखाली सुई घालून घेतली, यकृताचा तुकडा दिला. ज्यांनी तो घेतला ते आज तोंड उघडत नाहीत.

संस्थेकडे नंतर येतो. आधी मॅडम, कारण असं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. मी हळदीचा व्यापारी आहे. म्हसवडहून रिकाम्या हाताने सांगलीत आलो, पाठीवर पोती वाहिली, मग हिशेब शिकलो, मग भाव बोलायला शिकलो. माणूस तोंड उघडायच्या आत तो किती ताणणार आणि कुठे सोडणार, हे मला कळतं. मॅडमच्या बाबतीत मात्र मी कायम चुकलो. कारण त्या ताणतच नव्हत्या. समोरच्याने पहिला आकडा सांगितला की त्या म्हणायच्या, “बरं.” भाजीवालीला बरं, रिक्षावाल्याला बरं. माझ्यासारख्याच्या डोक्यात तिडीक जायची.

आमची ओळख माझ्या डोळ्यांमुळे झाली. हळदीच्या धंद्यात माणूस कायम पिवळाच असतो. बनियन पिवळी, नखं पिवळी, उशीचा अभ्रा पिवळा. त्यामुळे माझे डोळे पिवळे पडले तेव्हा घरात की दुकानात कोणाच्या काही लक्षात आलं नाही. बायको म्हणाली, “डोळ्यात हळद गेलीय, पाणी मारा.” मी मुकाट पाणी मारत राहिलो. एकदा कोणाला तरी भेटायला विश्रामबागेत त्या संस्थेच्या दवाखान्यात गेलो होतो. भर मे महिना, आणि समोरून एक बाई जाड लोकरीचा स्वेटर घालून आल्या. थांबल्या. ओळख ना पाळख, माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे फिरवलं.

“हळद?” त्यांनी विचारलं.

“व्हय. व्यापारी आहे.”

“डोळ्यात कधीपासून साठवायला लागलात?”

मी रागाने हनुवटी सोडवून घेतली.

“हळद कातडीला लागते,” त्या म्हणाल्या. “डोळ्याच्या पांढऱ्यात मुरत नाही. चला.”

मी सवयीने विचारलं, “किती घेणार?”

“दोन नळ्या रक्त,” त्या म्हणाल्या.

माझ्या यकृतात एक विषाणू वर्षानुवर्षं घर करून बसला होता. सूज जुनी होती. त्या दिवशी मॅडम भेटल्या नसत्या तर मी अजून पाणीच मारत बसलो असतो. औषधं दुसऱ्या डॉक्टरांची सुरू झाली, ती आजही चालू आहेत. मॅडम स्वतः डॉक्टर, पण त्या रोगी तपासत नसत. त्यांचं सगळं काम रक्ताशी. दिवसातला बराच वेळ थंड खोलीत जायचा म्हणून तो स्वेटर. बाहेर आल्यावर काढायचं त्यांच्या लक्षात राहत नसे. त्यांच्या स्कूटरला पाठीमागे बर्फाची निळी पेटी बांधलेली असायची. गल्लीतली पोरं “कुल्फी, कुल्फी” करत मागे धावायची. मॅडम स्कूटर थांबवून अगदी गंभीरपणे सांगायच्या, “नाही रे बाळांनो, रक्त आहे.” पोरं किंचाळत पळायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला वाटतं दोन्ही बाजूंना त्यात मजा येत होती.

माणसांना त्या धंद्यावरून हाक मारायच्या. मी हळदवाले. माझा चुलत थोरला भाऊ आबा लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त, तो फौजी. संस्थेच्या संचालकांना त्या तोंडावर काय म्हणायच्या माहीत नाही, पण आमच्यात त्यांचं नाव ‘पी हळद’ असं होतं. कारण दर महिन्याला ते येऊन विचारायचे, निकाल कधी, पेपर कधी, फोटो कधी. “पी हळद आणि हो गोरी, एवढंच यांना ठाऊक,” असं मॅडम म्हणायच्या.

त्यांचं काम काय होतं ते मला पहिल्यांदा कळलं माझ्याच गाळ्यावर. मॅडम कधीमधी तिथे यायच्या आणि पोत्यावर बसून चहा प्यायच्या. एकदा त्यांनी हमालाकडून पोती ओढायचा लोखंडी आकडा मागून घेतला आणि हातात फिरवत म्हणाल्या, “हळदवाले, यकृताच्या पेशीच्या अंगावर असे आकडे असतात. रक्तातली जुनी, झिजलेली प्रथिनं त्यात अडकतात. पेशी त्यांना आत ओढते आणि मोडीत काढते. आजार जुना झाला की आकडे कमी होतात. किती उरलेत ते कळलं, तर आत काय चाललंय त्याचा अंदाज येतो.”

“मग मोजा की.”

“मोजायला आत जावं लागतं. तुम्ही पोत्यात ती पोकळ टोकदार नळी खुपसून माल बाहेर काढता ना, तसंच. पण पोत्याला दुखत नाही. माणसाला दुखतं. एकदा करून घेतो, दुसऱ्यांदा येत नाही.”

“मग?”

“रक्तातल्या पांढऱ्या पेशींवरही थोडे असेच आकडे दिसतात. तिथे ते काय करतात, नीट कोणाला ठाऊक नाही. यकृतातले घटले-वाढले की रक्तातलेही तसेच हलतात का, एवढंच मला बघायचंय. हलत असतील, तर दर वेळी सुई नको. दंडातलं रक्त पुरे.”

हमालाने आकडा परत घेतला आणि विचारलं, “आन न्हाई हालले तर?”

“तर तसं सांगेन,” मॅडम म्हणाल्या.

मी म्हणालो, “म्हणजे शितावरून भाताची परीक्षा.”

त्या उसळल्या. ही म्हण त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती. “शितावरून भाताची परीक्षा कोणीही करेल! मला वरण चाखून भात सांगायचाय. तेही भाताचं झाकण न काढता. म्हणून तर आधी काही जणांचं दोन्ही बघायला हवं. एकाच माणसाचा, एकाच दिवशीचा भात आणि वरण. जोडी जुळते हे आधी दाखवलं, तर मग पुढे नुसत्या वरणावर काम भागेल.”

ज्यांच्या उपचारासाठी डॉक्टरांना सुई घालावीच लागणार होती, त्यांच्याकडूनच मॅडम तुकड्याचा छोटा वाटा मागायच्या, आणि त्याच दिवशी रक्त. नुसत्या आपल्या कामासाठी त्यांनी कोणाला सुई टोचू दिली नाही. मागणं मात्र सोपं नव्हतं. माणसं विचारायची, आम्हाला काय मिळणार? यावर मॅडम म्हणायच्या, “कदाचित काहीच नाही.” असा भाव बोलल्यावर गिऱ्हाईक थांबतं होय? मी कपाळावर हात मारला. त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, “मॅडम, हे काम माझ्यावर सोडा. माणसं मी आणतो.”

आणि मी आणली. लोणंदचा कांद्याचा आडत्या आणला, शिरोळकडचे एक जैन शेतकरी अण्णा आणले, आमच्या म्हसवडचे तिघे आणले. सगळ्यांना मी आमच्या बाजारातली एकच रीत सांगितली. आमच्या गाळ्यांच्या ओळीत कोणीही येऊन पोतं उघडायला लावू शकतो. मूठभर हळकुंडं घ्यावीत, मोडावीत, आतला रंग बघावा. ही वानगी फुकट. पण वानगी घेतली की भाव बोलायचा. नको असेल तर पडता भाव बोल, पण बोल. वानगी घेऊन मुक्याने उठणारा माणूस आमच्यात चोराच्याही खालचा. पुढच्या सौद्याला त्याच्यासाठी कोणी पोत्याची शिवण उसवत नाही.

“तुमच्याकडून जी वानगी घेतली जाईल,” मी सगळ्यांना सांगितलं, “तिचा भाव बोलला जाईल. शब्द माझा.”

मॅडमना ही रीत इतकी आवडली की त्यांनी ती आपलीच करून टाकली. नळीवर नाव लावताना त्या समोरच्याला सांगायच्या, “वानगी घेतली बरं का. भाव बोलायला मी स्वतः येईन.” अण्णांनी एकदा चेष्टा केली, “आणि भाव पडता निघाला तर, मॅडम?” त्या म्हणाल्या, “तुमच्या घरी जेवून मग सांगेन.”

आबाला तयार करणं सगळ्यात अवघड गेलं. म्हसवडला सिद्धनाथाच्या देवळासमोरच्या हॉटेलात आम्ही तिघं बसलो होतो. यकृताचं दुखणं त्यालाही होतं, त्याच्या डॉक्टरांनी सुई सांगितली होती, आणि हा फौजी माणूस, सरहद्दीवर बर्फात उभा राहिलेला, सुईला घाबरत होता.

“आवं बाई, पोटात सुई घालायची म्हंजे काय चेष्टा हाय व्हय?”

“चेष्टा नाही. दुखेल. मी तिथे उभी राहीन.”

“उभं राहून माझं दुखायचं थांबणार हाय का?”

“नाही. पण मला कळेल किती दुखतं ते.”

आबाने माझ्याकडे बघितलं. “काय रं, ही बाई खोटं बोलतच न्हाई का?”

“न्हाई,” मी म्हणालो. “म्हणून तर धंद्यात उपयोग न्हाई तिचा.”

आबाने सुई घेतली. खूप दुखलं. मॅडम उशाशी उभ्या होत्या. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, “एक बार झालं. दुसऱ्यांदा मला न्यायचं तर बांधून न्यावं लागंल.” म्हणूनच मॅडमच्या कामाचा निकाल आबाइतका दुसरं कोणी डोळे लावून बघत नव्हतं. पुढच्या वेळी रक्तावर भागणार, की पुन्हा सुई, हे त्यावर ठरणार होतं.

हे सगळं साठवायला फ्रीज लागायचा. घरातला नव्हे, उणे ऐंशी अंशांचा. त्याच्यापेक्षा थोडी जरी ऊब लागली तरी पेशींमधली खूण विरून जाते आणि मग काही वाचता येत नाही. संस्थेचा जुना फ्रीज कुरकुरत होता. नवा घ्यायचा ठरला आणि पुण्याहून टाय लावलेला एक विक्रेता आला. त्याने किंमत सांगितली. मॅडमनी तोंड उघडलं, आता ‘बरं’ म्हणणार तेवढ्यात मी त्यांच्या पुढ्यात चहाचा कप सरकवला आणि खांद्यावरचा टॉवेल काढला. आमच्याकडे पूर्वी सौदा रुमालाखाली व्हायचा. दोघांचे हात कापडाखाली, बोटं दाबून भाव, चारचौघांना पत्ता लागत नाही. मी त्या टायवाल्याचा हात धरला आणि वर टॉवेल टाकला.

“अहो, हे काय करताय?” तो घाबरून ओरडला.

“भाव बोलतोय.”

“तोंडाने बोला ना!”

“तोंडाने बोललं की तुमची लाज जाते. बोटाने बोला.”

मॅडम हसत हसत स्वेटरच्या बाहीने डोळे पुसत होत्या. त्या टायवाल्याला बोटांची भाषा येत नव्हती, पण हात सुटावा म्हणून तो बऱ्याच गोष्टींना तयार झाला. किंमत उतरली. वर मी व्होल्टेजचा स्टॅबिलायझर घेतला, कुलूप घेतलं, आणि जाता जाता खालची चाकंही फुकट लावून घेतली. फ्रीज जागेवर बसल्यावर मॅडमनी त्याला हळदकुंकू लावलं. विज्ञानवाली बाई, पण हळद माझ्या दुकानची म्हणून लावली.

त्याच चाकांवरून तो फ्रीज खोलीबाहेर ढकलला गेला.

झालं असं. संस्थेत चेहऱ्याचे डाग काढायचं यंत्र यायचं होतं आणि त्याला हवेशीर खोली पाहिजे होती. मॅडम बहिणीच्या आजारपणासाठी साताऱ्याला गेल्या होत्या. सुट्टीला जोडून संचालकांनी खोली मोकळी करायला सांगितलं. फ्रीज ढकलत व्हरांड्यात आणला. तिथे त्याच्या जोगी वीजजोडणी नव्हती. कोणी म्हणालं, दुपारी लावू. दुपार गेली, सुट्टी गेली. मॅडम परत आल्या तेव्हा फ्रीजखाली पाणी साचलं होतं. आतलं सगळं उबदार. भातही गेला, वरणही गेलं.

चाकं मी मागून घेतली होती, म्हणून काही जण मला टोमणा मारतात. मारू देत. गाडीला चाकं असतात म्हणून हाकणारा सुटत नाही.

मी तडक संचालकांच्या दालनात गेलो. आवाज चढवूनच गेलो.

“बसा शेठ,” ते म्हणाले. “एवढं तापायचं कारण काय? तुमचे उपचार तर व्यवस्थित चालू आहेत ना? नुकसान कोणाचं झालं?”

“आमच्या पोटातला तुकडा नासवलात, आणि नुकसान विचारताय?”

“तांत्रिक बिघाड होता. आणि संमतिपत्रावर तुमच्या सगळ्यांच्या सह्या आहेत. दिलेले नमुने संस्थेच्या मालकीचे.”

“बरं. माल तुमचा झाला. मग भाव कुठंय?”

“कसला भाव?”

“लोकांना काय सांगणार?”

ते हसले. “सांगायचं काय त्यात? निकाल आला नाही. आला असता तर कळवलं असतं.”

मी मॅडमना म्हणालो, तुम्ही लिहा, तक्रार करा, वर्तमानपत्रात द्या, मी मागे उभा राहतो. त्या ऐकेनात. आमचं मोठं भांडण झालं. मी गाळ्यावरच ओरडलो, “तुम्ही बरं म्हणून म्हणून यांना माजवलंत!” त्यांनी स्वेटरची बटणं लावली आणि म्हणाल्या, “हळदवाले, ओरडून झालं असेल तर गाडी काढा. भाव बोलायचा राहिलाय.”

आणि ही बाई खरंच घरोघरी गेली. मी गाडी चालवत होतो. शिरोळ, लोणंद, शेवटी म्हसवड. प्रत्येक दारात एकच बोलणं: तुमची वानगी माझ्याकडे होती, ती खराब झाली, मला काही सांगता येत नाही. फ्रीज कोणी हलवला याबद्दल अवाक्षर नाही. लोणंदच्या आडत्याने तोंड फिरवलं. अण्णांनी आधी जेवायला वाढलं आणि मग म्हणाले, “आता सांगा पडता भाव.” मी बाहेर येऊन गाडीत बसलो, मला ते ऐकवेना.

आबा अंगणात शेळीला पाला घालत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजे माझं रगत गेलं, तुकडा बी गेला.”

“गेलं.”

“भाव?”

“भाव नाही, फौजी. मला बोलता येईना असं झालंय.”

आबाने हातातला पाला शेळीपुढे टाकला. मग म्हणाला, “भाव न्हाई म्हणलात, ह्ये बी बोलणंच झालं. तुमी मुक्यानं उठला न्हाईसा.” आणि बाही वर सारून दंड पुढे केला. “घ्या परत.”

“नुसतं रक्त घेऊन काय करू? जोडी लागते.”

“म्हंजे सुई.”

“तुमच्या डॉक्टरांना ती हवीच आहे. पण मी मागणार नाही. एकदा दिलीत.”

आबाने शेळीच्या पाठीवरून हात फिरवला. “त्यो फिरीज कुणी भायेर काढला?”

मॅडम गप्प. मी गप्प बसणारातला नाही. मी सांगितलं.

“मंग असं कर गड्या,” आबा मला म्हणाला. “त्या सायबाला हितं घेऊन ये. बाईचं बोलून झालं. त्येचं ऱ्हायलंय. माझ्यासमोर घोंगड्यावर बसू दे आन तोंडानं सांगू दे, म्या बंद केला म्हणून. मी सुई घेतो. बांधून न्यायला नगं. लय दुखलं तरी घेतो. पर त्यो बोलल्याबिगर न्हाई.”

मी ही अट बाकीच्यांना सांगितली. अण्णा म्हणाले, माझंही तेच. लोणंदचा आडत्याही फोनवर वळला.

संस्था सोडून मॅडम आता साताऱ्यात आहेत. तिथल्या एका डॉक्टरांनी त्यांना कोपऱ्यातली खोली दिली, फ्रीजही दिला. त्याचा सौदा मीच केला, या वेळी चाकं लावू दिली नाहीत. स्वेटर तोच, स्कूटर तीच, आणि साताऱ्याच्या पोरांनाही आता कळलंय की पेटीत कुल्फी नाही. काम सुरू करायला त्या तयार आहेत. माणसं तयार आहेत. आबाची पुढची तपासणी जवळ आली आहे आणि त्याचे डॉक्टर रोज विचारतात, सुई कधी. अडलंय ते एका माणसाच्या तोंडावर.

तेव्हा संचालकसाहेब, म्हसवड लांब नाही. गाडी माझी, डिझेल माझं. आबाच्या घरी भाकरी मिळेल, शेळीच्या दुधाचा चहा मिळेल, कोणी अंगावर येणार नाही. मी आवाज चढवणार नाही, हा शब्द देतो, आणि माझ्या शब्दाची बाजारात काय पत आहे ते कोणालाही विचारा. तुम्ही आमच्या अंगातून वानगी घेतलीत, मालक मीच म्हणालात आणि मुक्याने उठलात. या, घोंगड्यावर बसा, आणि फ्रीज कोणी बंद केला ते आबाच्या तोंडाकडे बघून सांगा. कधी येताय?